फ्रेंच गिटार-ग्रुपांच्या पंचेचाळीसच्या रेकॉर्डी: पहिल्यांदा शोधायला निघालेल्यांसाठी

व्हॅन शिपली किंवा हजारा सिंग यांनी इलेक्ट्रिक गिटारवर वाजवलेली हिंदी सिनेमाची गाणी ज्यांच्या घरात वाजत असत, त्यांना शब्दांविना गाणं कसं ऐकायचं हे शिकवावं लागत नाही. हा लेख त्यांच्यासाठी आहे, आणि ज्यांना अलीकडे कुठेतरी साठच्या दशकातल्या फ्रान्सचा एखादा गिटारचा तुकडा कानावर पडला आणि जो डोक्यातून जाईना, त्यांच्यासाठीही. स्मरणरंजनाचा हक्क त्या काळात जन्मलेल्यांनाच असतो असं मला वाटत नाही. साठ वर्षांपूर्वी पॅरिसच्या उपनगरातल्या एखाद्या मुलानं खाऊचे पैसे साठवून घेतलेली सात इंची, मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांची रेकॉर्ड आज पुण्यात किंवा ठाण्यात वाजू शकते. त्यासाठी थोडी माहिती, थोडा संयम आणि बरी सुई एवढं पुरतं.

आधी काळ समजून घ्या, म्हणजे पैसे वाचतील

फ्रेंच वाद्यसंगीत गिटार-ग्रुपांचा बहर फार थोडा टिकला. ढोबळमानानं १९६१ ते १९६४. या चौकटीबाहेरच्या रेकॉर्डी वाईट असतात असं नाही, पण तुम्ही जो आवाज शोधताय तो बहुतेक या चौकटीतच सापडतो.

१९६० च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या शॅडोज ग्रुपची ‘अपाची’ ही धून आली आणि युरोपभरच्या पोरांनी गिटारी विकत घेतल्या. एक मुख्य गिटार, एक ताल धरणारी गिटार, एक बेस, एक ड्रम. गायक नको, म्हणजे इंग्रजी यायला नको आणि आवाज चांगला असायलाही नको. फ्रान्समध्ये या वेळी तरुणांसाठी सगळं काही एकदमच उघडत होतं. युरोप नंबर १ या रेडिओवर ऑक्टोबर १९५९ मध्ये दानिएल फिलिपाकी यांचा ‘साल्यु ले कोपँ’ हा कार्यक्रम सुरू झाला होता. शाळा सुटायच्या सुमारास, संध्याकाळी पाचला तो लागायचा. १९६२ मध्ये त्याच नावाचं मासिकही निघालं. गुरुवारी शाळांना सुट्टी असे (ती बुधवारी गेली १९७२ मध्ये), आणि त्या दुपारी मुलं तेपाझवर रेकॉर्डी वाजवत. तेपाझ म्हणजे ल्योंच्या कारखान्यात बनणारा, सुटकेसच्या आकाराचा, झाकणात स्पीकर असलेला रेकॉर्ड-प्लेअर. त्याचं ‘ऑस्कर’ हे मॉडेल फ्रान्समधल्या त्या पिढीच्या घराघरांत होतं.

वाजवायची जागा म्हणजे पॅरिसमधला गोल्फ-द्रुओ क्लब. द्रुओ रस्त्याच्या कोपऱ्यावर, एका कॅफेच्या वरच्या मजल्यावर आधी मिनी-गोल्फ होतं, म्हणून हे नाव. आँरी लप्रू यांनी ते तरुणांच्या अड्ड्यात बदललं. शुक्रवारी रात्री नवख्या ग्रुपांची चाचणी व्हायची, आणि रेकॉर्ड कंपन्यांची माणसं ऐकायला बसलेली असत. हा क्लब १९८१ मध्ये बंद झाला.

मग हा बहर का संपला? दोन कारणं. पहिलं लष्करी सेवेचं. अल्जीरियाचं युद्ध १९६२ पर्यंत चाललं आणि त्या काळात सक्तीची लष्करी सेवा दोन वर्षांहून लांबली होती. अठरा-वीस वर्षांच्या पोरांचा ग्रुप जमतो न जमतो तोच ड्रमवाल्याला बोलावणं यायचं. दुसरं कारण म्हणजे बीटल्स. जानेवारी १९६४ मध्ये ते पॅरिसच्या ऑलिंपिया थिएटरात तीन आठवडे वाजवत होते. त्यानंतर गायकाविना उभा असलेला ग्रुप एकदम जुनाट दिसू लागला. म्हणून या ग्रुपांच्या रेकॉर्डी मोजक्या असतात. काहींच्या तर दोन-तीनच. नवख्या माणसासाठी ही चांगली गोष्ट आहे. सगळं जमवायचं म्हटलं तरी एका कपाटाच्या कप्प्यात मावेल.

पहिली रेकॉर्ड घेण्याआधी फुकट ऐका

घाईनं खरेदी करू नका. युरोपीय कायद्यानुसार १९६२ अखेरपर्यंत प्रकाशित झालेल्या ध्वनिमुद्रणांवरच्या हक्कांचा संरक्षणकाळ संपला आहे. त्यानंतर मुदत पन्नासवरून सत्तर वर्षांवर गेली, पण जे आधीच मोकळं झालं होतं ते मोकळंच राहिलं. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे कायद्यानं जमा होत आलेल्या रेकॉर्डींचा प्रचंड साठा आहे. त्यातल्या त्या काळातल्या तबकड्या त्यांनी डिजिटल करून नेहमीच्या संगीत-अ‍ॅपांवर टाकल्या आहेत. ओळखायची खूण अशी: धुनेच्या नावापुढे ‘मोनो व्हर्जन’ असं लिहिलेलं असतं आणि मूळ कव्हरचा फोटो असतो. हे थेट रेकॉर्डवरून उतरवलेलं असल्यामुळे मागे बारीक चरचर ऐकू येते. मला ती चरचर चालते. उलट, काही कंपन्यांनी सगळा आवाज पुसून काढून विकलेल्या आवृत्त्यांमध्ये गिटारची धारही पुसली गेलेली असते.

सुरुवात ले फाँतोम या ग्रुपपासून करा. दानी मारान, डीन नोटन, झाकी पास्यु आणि ड्रमवर शार्ल बेनारोश. नोटनची मुख्य गिटार ऐकली की कळतं, की ही मंडळी शॅडोजची निव्वळ नक्कल करत नव्हती. त्यांची ‘फोर शाब्रोल’ ही धून १९६२ ची. रचना झाक द्युत्राँची. तो तेव्हा स्वतः ‘एल तोरो ए ले सिक्लोन’ नावाच्या ग्रुपमध्ये गिटार वाजवत होता आणि पुढे गायक म्हणून फ्रान्सभर गाजला. (नाव आलंय १८९९ च्या एका प्रकरणावरून. ड्रेफस खटल्याच्या गदारोळात एक पुढारी पॅरिसच्या शाब्रोल रस्त्यावरच्या घरात महिनाभराहून अधिक काळ पोलिसांना न जुमानता कोंडून घेऊन बसला होता. तेव्हापासून ‘फोर शाब्रोल’ म्हणजे कोंडून घेऊन केलेला अडेलतट्टू मुकाबला.) त्याच वर्षी या धुनेवर शब्द बसवले गेले आणि फ्राँस्वाझ आर्दीनं ती ‘ल ताँ द लामूर’ म्हणून गायली. वेस अँडरसनच्या २०१२ च्या ‘मूनराइज किंगडम’ सिनेमामुळे हे गाणं आजच्या तरुणांनाही माहीत आहे. तेव्हा आधी आर्दीचं गाणं ऐका, मग लगेच फाँतोमची धून. गाण्यात मागे सरकलेली बेस आणि गिटारची ओळ इथे समोर येऊन उभी राहते. या एका जोडीत फ्रेंच गिटार-ग्रुपांची सगळी चव कळते: मायनर, म्हणजे कोमल स्वरांच्या सप्तकातली, थोडी उदास, पण पाय हलवायला लावणारी.

त्यानंतर ले फिंगर्स. फेस्तिव्हाल कंपनीवर त्यांच्या रेकॉर्डी आहेत. वाजवणं स्वच्छ, जरा जास्तच स्वच्छ. मग ले शाँपियाँ, ज्यात क्लोद सियारी मुख्य गिटार वाजवायचा. त्याच्याकडे आपण नंतर परत येऊ.

एक सावधगिरी. १९६३-६४ च्या बऱ्याच धुना या मोकळ्या संग्रहात नसतात, कारण त्यांचं संरक्षण अजून चालू आहे. त्यामुळे अ‍ॅपवर जे दिसतं त्यावरून एखादा ग्रुप १९६२ नंतर गप्प बसला असं समजू नका.

ईपी वाचायला शिका

फ्रान्समध्ये साठच्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत तरुण मुलं जी रेकॉर्ड घेत ती दोन गाण्यांची नव्हे, तर चार गाण्यांची ईपी असे. सात इंची, पंचेचाळीस फेऱ्यांची, दोन्ही बाजूंना दोन-दोन धुना, आणि वर जाड, चकचकीत पुठ्ठ्याचं रंगीत फोटोचं कव्हर. दोन गाण्यांच्या साध्या रेकॉर्डी मुख्यतः कॅफेतल्या ज्यूकबॉक्ससाठी बनत. इंग्लंड-अमेरिकेत पंचेचाळीसची रेकॉर्ड साध्या कागदी पिशवीत मिळायची, तेव्हा फ्रान्समध्ये प्रत्येक ईपीला स्वतःचं छायाचित्र होतं. म्हणूनच या रेकॉर्डींचा नाद लागतो. एकसारखे सूट, टोकदार बूट, कपाळावर वळवलेले केस आणि हातात लाल किंवा पांढरी गिटार, आणि ती गिटार कधीकधी दुकानातून फोटोपुरती आणलेली असावी इतकी कोरी.

पुढच्या बाजूला ग्रुपचं नाव, मागच्या बाजूला खरी माहिती. ती या क्रमानं वाचा:

कॅटलॉग क्रमांक. प्रत्येक कंपनीची ठराविक अक्षरं वा आकडे असत. व्होगच्या ईपींवर ‘ईपीएल’, पातेवर ‘ईजी’, फिलिप्सवर ४३२ पासून सुरू होणारा आकडा, बार्क्लेवर ७० पासून. फेस्तिव्हालवर ‘एफएक्स ४५’. ही अक्षरं पाठ झाली की पेटीतल्या पाचपन्नास रेकॉर्डींमधून काळ ओळखता येतो. एकाच कंपनीचा आकडा जितका लहान, तितकी रेकॉर्ड साधारण जुनी.

धुनांच्या नावापुढचा कंस. तिथे नाचाचा प्रकार लिहिलेला असतो: ट्विस्ट, रॉक, मॅडिसन, पुढे सर्फ, आणि ‘स्लो’. नवखे लोक ट्विस्टकडे धावतात. माझा अनुभव उलटा आहे. ईपीवर चौथी धून ‘स्लो’ असेल तर तीच आधी लावा. जलद धुनांमध्ये सगळे ग्रुप एकसारखे वाटू शकतात. संथ धुनेत मात्र गिटारवाल्याला लपायला जागा नसते, स्वर किती वेळ धरायचा आणि तो कधी थरथरवायचा यातच त्याचा कस लागतो.

छापखान्याचं नाव आणि तारीख. मागच्या बाजूला अगदी खाली, बारीक अक्षरांत छापखाना असतो. पॅरिसचा दिलार छापखाना पुष्कळ कव्हरांवर दिसतो. कधी ‘देपो लेगाल’ म्हणजे कायदेशीर जमा-नोंदीची तिमाही वा वर्षही असतं. ते असेल तर तुमचं काम झालंच.

आणि लाँगेत. सुरुवातीच्या काही ईपींना आतली पिशवी बाहेर ओढायला छोटी जीभ असते, तिला विक्रेते ‘लाँगेत’ म्हणतात. ती शाबूत असेल तर किंमत वर जाते. ऐकण्याशी तिचा काही संबंध नाही, तेव्हा तिच्यासाठी जादा पैसे द्यायचे की नाही हे तुम्हीच ठरवा.

बऱ्याच ईपींचा मागचा भाग कंपनीच्या इतर रेकॉर्डींच्या छोट्या छायाचित्रांनीही भरलेला असे. हा त्या काळचा जाहिरातीचा भाग, पण आज तोच उत्तम नकाशा आहे. आवडलेल्या ईपीच्या पाठीवरची नावं वहीत उतरवा आणि मग एकेक ऐकत जा. साठ वर्षांपूर्वी त्या मुलांनीही नवे ग्रुप असेच शोधले.

कुठे शोधायचं

फ्रान्समध्ये राहत असाल किंवा जाणार असाल तर तुमचा रविवार ‘व्हिद-ग्रनिए’ला द्या. म्हणजे गावातले वा वस्तीतले लोक माळ्यावरचं सामान रस्त्यावर मांडून विकतात तो बाजार. एका खासगी माणसाला वर्षात दोनदाच असं विकता येतं, त्यामुळे मांडलेल्या वस्तू खरोखर घरातल्या असतात, दुकानदाराच्या निवडलेल्या नव्हेत. मी तिथे राहत असताना सगळ्यात चांगल्या गोष्टी मोठ्या शहरांत नव्हे, तर छोट्या गावांतल्या अशा बाजारांत, बाळाच्या कपड्यांच्या ढिगाखाली सापडल्या. सकाळी लवकर जा. व्यापारी पहाटे टॉर्च घेऊन येतात. एमाउसच्या दुकानांतही चक्कर टाका. आबे पिएर यांनी १९४९ मध्ये सुरू केलेली ही संस्था दान आलेल्या वस्तू विकते, आणि तिथे रेकॉर्डींचे भाव सहसा सरसकट असतात.

पॅरिसमध्ये उत्तरेला सँतुआँचा जुना बाजार प्रसिद्ध आहे, पण तिथले विक्रेते माहीतगार आहेत. ऐकायला, बघायला, शिकायला जा. स्वस्त मिळेल या आशेनं नको. दक्षिणेला पोर्त द व्हाँव्हचा बाजार शनिवार-रविवारी सकाळी भरतो, तो जास्त आटोपशीर. सप्टेंबरच्या पहिल्या शनिवार-रविवारी उत्तरेतल्या लील शहरात भरणारी ब्रादरी म्हणजे आख्खं शहरच बाजार होतं. बेल्जियन रेकॉर्डीही तिथे खूप येतात.

एक शिष्टाचार विसरू नका. पेटीला हात लावण्याआधी ‘बाँझूर’ म्हणा. हे नुसतं सभ्यतेचं नाही. न बोलता रेकॉर्डी चाळणाऱ्या गिऱ्हाइकाला तिथला विक्रेता भाव चढवूनच सांगतो. बोलणाऱ्याला मात्र ‘माझ्या थोरल्या भावाच्या आहेत’ अशी सुरुवात करून पूर्ण कहाणी सांगतो, आणि मग टेबलाखालची दुसरी पेटीही वर येते.

भारतातून शोधायचं तर ऑनलाइनच. आपल्याकडे मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात शॅडोजच्या, कोलकात्याजवळ डमडमला छापलेल्या रेकॉर्डी मिळू शकतात, पण फ्रेंच ईपी सापडली तर तो योगायोगच समजा. डिस्कॉग्ज या रेकॉर्डींच्या खरेदी-विक्रीच्या वेबसाइटवर ग्रुपचं नाव टाकून, देश फ्रान्स आणि वर्ष १९६१ ते १९६४ असं गाळून बघा. फ्रेंच विक्रेत्यांच्या वर्णनातले काही शब्द ओळखता यायला हवेत: ‘पोशेत’ म्हणजे कव्हर, ‘रेये’ म्हणजे ओरखडे असलेली, ‘व्हुआले’ किंवा ‘गाँदोले’ म्हणजे वाकलेली, ‘बोनेता’ म्हणजे बरी स्थिती. आणि ‘बोनेता’ हा शब्द साठच्या दशकातल्या ईपीबाबत विक्रेते फार उदारपणे वापरतात. शंका असेल तर दोन्ही बाजूंचे, दिव्याखाली घेतलेले फोटो मागा. फोटो देत नाही त्याच्याकडून घेऊ नका. पाच-सहा ईपी एकाच विक्रेत्याकडून घ्या, कारण टपालखर्च एका रेकॉर्डीला आणि सहांना फारसा वेगळा नसतो. आणि भारतात पोचल्यावर कस्टम ड्युटी लागू शकते, ती किमतीत आधीच धरा.

घेण्याआधी तपासा

रेकॉर्ड तिरपी धरून उजेडात बघा. सूक्ष्म केसांसारखे ओरखडे चालतात. ते ऐकू येत नाहीत किंवा फार कमी येतात. नखाला लागेल असा ओरखडा असेल तर सोडून द्या. पण डोळ्यांना दिसणाऱ्या ओरखड्यापेक्षा वाईट असतो राखाडी रंग. जिथे खाचा काळ्याकुळकुळीत न दिसता मळक्या राखाडी दिसतात, तिथे जड सुईनं खाच खरवडली गेली आहे. तेपाझची सुई आजच्या मानानं बरीच जड असायची, आणि पार्टीत तीच धून पंधरा वेळा वाजायची. अशा रेकॉर्डीतून जोरकस स्वर फाटून येतात, आणि ते कोणत्याही धुण्यानं सुधारत नाही. विशेषतः प्रत्येक बाजूच्या दुसऱ्या धुनेचा, म्हणजे आतल्या भागाचा, शेवट बघा.

मधलं भोक बघा. बऱ्याच फ्रेंच पंचेचाळीसच्या रेकॉर्डींचं भोक मोठं असतं, सुमारे ३८ मिलिमीटरचं, आणि त्यात कधी प्लॅस्टिकचा मधला तुकडा बसवलेला असतो. तो तुकडा तुटला असेल तर काळजी नाही, अडॅप्टर स्वस्तात मिळतो. पण भोक घासून लंबवर्तुळ झालं असेल तर स्वर झोके घेतो. गिटारच्या लांब स्वरांवर ते असह्य होतं.

कव्हरवर बॉलपेननं नाव लिहिलेलं असणार. जवळजवळ नेहमीच असतं. त्या काळी शनिवारी कुणाच्या तरी घरी ‘सुर्प्रीझ-पार्टी’ असायची, आणि मुलं आपापल्या रेकॉर्डी घेऊन जायची. परत आपलीच यावी म्हणून नाव. संग्राहक अशा कव्हरांची किंमत पाडतात. ऐकायला घेणाऱ्यांनी यांचाच शोध घ्यावा असं मी म्हणेन. नाव असलेली, कोपरा दुमडलेली, पण खाचा चांगल्या असलेली प्रत कोऱ्या प्रतीच्या निम्म्याहूनही कमी भावात मिळते. शिवाय कुणाची होती हे कळतं. एका ईपीवर मला एकाच मुलीच्या नावाशेजारी दोन वेगवेगळ्या मुलांची नावं खोडलेली दिसली.

किमतीबद्दल सर्वसाधारण एवढं सांगता येईल: जॉनी हॅलिडेसारख्या प्रसिद्ध गायकांच्या ईपी लाखांनी छापल्या गेल्या, म्हणून त्या स्वस्त. निव्वळ वाद्यसंगीताच्या ग्रुपांच्या कमी छापल्या, म्हणून महाग. ले शोसेत न्वार (एका मोजे बनवणाऱ्या कंपनीशी झालेल्या जाहिरातीच्या करारातून मिळालेलं हे नाव) किंवा ले शा सोवाझ हे गायक असलेले ग्रुप होते. त्यांच्या ईपी मुबलक आहेत, आणि त्यातलं गिटारवादन ऐकण्यासारखं आहे. बजेट कमी असेल तर सुरुवात इथून करायला हरकत नाही.

वाजवताना

सुटकेससारखे दिसणारे नवे स्वस्त प्लेअर टाळा. दिसायला तेपाझसारखे असतात म्हणून मोह होतो, पण त्यांचीही सुई चार-पाच ग्रॅम दाब देते. तुमच्या साठ वर्षांच्या रेकॉर्डीला आता आणखी खरवडण्याची गरज नाही. समायोज्य दाब असलेला साधा टर्नटेबल घ्या आणि त्याला गोल टोकाची, ज्याला कोनिकल म्हणतात ती सुई लावा. ऑडिओ-टेक्निकाची व्हीएम९५सी स्वस्त आणि पुरेशी आहे. दाब दोन ग्रॅमच्या आसपास.

यातल्या बहुतेक ईपी मोनो, म्हणजे एकाच वाहिनीच्या आहेत. तुमच्या अ‍ॅम्प्लिफायरवर मोनोचं बटण असेल तर ते दाबायला विसरू नका. मोनो रेकॉर्डीत संगीत फक्त आडव्या हालचालीत कोरलेलं असतं. उभ्या हालचालीत आहे ती नुसती धूळ आणि झीज. डावी-उजवी अशा दोन्ही वाहिन्या एकत्र केल्या की उभ्या हालचालीतली चरचर एकमेकांना रद्द करते. फरक इतका असतो की पहिल्यांदा केलंत तर दुसरीच प्रत वाजतेय असं वाटेल. बटण नसेल तर दोन वाहिन्या जोडणारी वायर कोणताही ऑडिओ दुरुस्त करणारा बनवून देतो.

वाजवण्याआधी धुवा. डिस्टिल्ड पाणी, भांड्यांच्या साबणाचा एखादा थेंब, मऊ मायक्रोफायबर कापड. खाचांच्या दिशेनं गोल पुसायचं, लेबल कोरडं ठेवायचं, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्यानं पुन्हा. बाजारातल्या रेकॉर्डीवर साठ वर्षांचा सिगारेटचा धूर असतो. पाणी तपकिरी होतं.

आणि मग ऐकताना गिटारच्या मागे येणारा प्रतिध्वनी लक्ष देऊन ऐका. शॅडोजच्या हँक मार्व्हिननं इटलीत बनलेल्या मेआत्सी यंत्राचा प्रतिध्वनी वापरला. युरोपभर मग फिरत्या चुंबकीय तबकडीवर चालणारं मिलानचं बिन्सन यंत्रही पसरलं. फ्रेंच ग्रुपांपैकी अनेकांना ही यंत्रं परवडत नसत. मग प्रतिध्वनी स्टुडिओतच दिला जाई, आणि म्हणून एकाच कंपनीच्या ग्रुपांचा आवाज भावंडांसारखा वाटतो. व्होगच्या रेकॉर्डींना एक कोरडी, जवळची धार आहे. गिटारी मात्र सगळ्या परदेशी नव्हत्या: पॅरिसच्या मेनिलमाँताँ वस्तीत जाकोबाच्ची कुटुंबाच्या कार्यशाळेत बनलेल्या इलेक्ट्रिक गिटारी त्या काळच्या ग्रुपांच्या हातात दिसतात.

‘ले’ असलं की फ्रेंच, असं नाही

नवख्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. ग्रुपच्या नावापुढे ‘ले’ असलं तरी तो फ्रान्सचाच असेल असं नाही. ‘स्तालाक्तित’ ही १९६३ ची धून अनेक फ्रेंच संग्रहांत असते, पण ती वाजवणारा लेझ एग्लाँ हा ग्रुप स्वित्झर्लंडच्या लोझानचा. ले कुझँ बेल्जियमचे. ले जॅग्वार कॅनडातल्या क्युबेकचे. उलट स्वीडनचे स्पॉटनिक्स, जे अंतराळवीरांचे सूट घालून वाजवत, ते फ्रान्समध्ये इतके चालले की त्यांनी ‘स्पॉटनिक्स इन पॅरिस’ नावाची लाँगप्ले काढली. ही रेकॉर्ड फ्रेंच बाजारांत फार सापडते आणि स्वस्तही. ती घेऊन टाका, तुम्ही फसलात असं समजू नका. फ्रेंच पोरांच्या तेपाझवर हीदेखील वाजत होतीच.

क्लोद सियारीची गोष्ट राहिली. १९४४ मध्ये नीसला जन्मलेला हा मुलगा ले शाँपियाँमधून बाहेर पडला आणि १९६४ मध्ये त्यानं बेल्जियन संगीतकार जो व्हान वेत्तरची ‘ला प्लाया’ ही संथ धून इलेक्ट्रिक नव्हे तर साध्या गिटारवर वाजवली. ती जगभर गेली, जपानमध्ये तर इतकी, की सियारी पुढे तिथेच स्थायिक झाला आणि त्यानं जपानचं नागरिकत्व घेतलं. त्याच्या जपानी लाँगप्लेंचा ढीग स्वस्तात मिळतो. त्या सगळ्या घेऊ नका. शाँपियाँच्या ईपी मात्र दिसल्या की घ्या.

शेवटी जपणूक. कव्हराला बाहेरून प्लॅस्टिकची पिशवी घाला, पण रेकॉर्ड आतल्या जुन्या, खरखरीत कागदात ठेवू नका. नवी गुळगुळीत पिशवी वापरा आणि जुना कागद कव्हरमध्येच मागे सरकवा. उभ्या ठेवा, एकमेकांवर रचू नका. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर जून ते सप्टेंबर कपाटात सिलिका जेलची पाकिटं ठेवा आणि ती महिन्यानं बदला. फ्रेंच कव्हरांच्या चकचकीत थराखाली बुरशी शिरली की पांढरे ठिपके कायमचे राहतात, आणि पाठीवरची ती बारीक नावांची यादी पहिल्यांदा जाते.